एका मिनिटाचे देणे

माझी पणजी अर्ध्या तासाची होती. ती जहाजावर राहत असे, आणि तिची वाळू संपल्याशिवाय पहारेकऱ्याला जागा सोडण्याची मुभा नसे. तिची लेक, म्हणजे माझी आजी, पंधरा मिनिटांची. ती सभागृहातल्या टेबलावर बसून लांबण लावणाऱ्या वक्त्यांची तोंडे बंद करी. माझी आई तीन मिनिटांची. एका खानावळीच्या स्वयंपाकघरात ती अंडी उकडण्याच्या पातेल्यापाशी उभी असे, आणि तिच्या हयातीत एकही अंडे कच्चे उतरले नाही. मी त्यांची वंशज, एका मिनिटाची जुनी वाळूकुपी. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही आखूड होत गेलो, मित्रांनो, पण आमच्या घराण्यात खोटे कुणी बोलले नव्हते. ते पाप माझ्या हातून घडले. कसे घडले ते ऐकायचे असेल तर सरळ बसा, आणि तोंडात काही चघळत असाल तर ते आधी टाकून या. मला त्याची शिसारी आहे. का आहे, तेही कळेल.

माझे दोन काचेचे फुगे, मध्ये केसाएवढी बारीक मान, गडद लाकडाची चौकट आणि तिला तीन पितळी खांब. मला एका रुग्णालयाच्या वॉर्डासाठी मुद्दाम घडवले होते. तिथल्या प्रमुख परिचारिका, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्यांचा एक दंडक होता: नाडी मोजायची ती पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्या मुलींना त्या दारातूनच परत पाठवत. "चौथाई माणूस तपासलास, बाकीचा कुणी तपासायचा?" असे विचारत. माझी वाळू पडत असेपर्यंत वॉर्डात कुणी बोलायचे नाही, असाही नियम होता. मला उलटे केले की भांड्यांचा आवाज थांबे, कुजबुज थांबे, आणि वीस खाटांच्या त्या खोलीत एका मनगटावर टेकलेली तीन बोटे तेवढी जागी असत. अभिमान वाटावा असेच ते दिवस होते, आणि मला तो वाटतो. लपवण्याचे कारण नाही.

मग एका शिकाऊ डॉक्टरने मला भोवऱ्यासारखे फिरवून दाखवले. समोर हसायला दोन मुली होत्या, एवढेच त्याचे कारण. मी हातधुणीच्या कडेवर आपटले. फुटले असते तर बरे झाले असते. माझ्या मानेखाली फक्त एक सूक्ष्म चीर गेली. त्याने मला गुपचूप जागेवर ठेवले आणि तो निघून गेला. शेजारी उपकरणे उकळण्याचे भांडे दिवसभर वाफ सोडत असे. ती वाफ माझ्यात शिरली, वाळू ओलावली, दाणा दाण्याला चिकटू लागला. माझे मिनिट बहात्तर सेकंदांचे झाले. अकरा दिवस मी प्रत्येकाच्या नाडीला बारा सेकंदांचे ठोके फुकट वाढवून दिले. एका म्हाताऱ्या सुताराची नाडी मी चौऱ्याऐंशीची एकशे एक करून सांगितली. त्याला नाडी मंदावण्याचे औषध सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी तो उठता उठता घेरी येऊन खाटेखाली पडला. तो वाचला. माझी स्वतःबद्दलची किळस मात्र अजून गेलेली नाही.

मोठ्या सिस्टरांनी मला त्यांच्या घड्याळाशी ताडून पाहिले. पायाने कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले आणि मला आत सोडले. आत पुवाने कडक झालेले बँडेज होते, ओले बोळे होते, कुणीतरी थुंकलेला कागद होता. त्या घाणीत मी अर्धा दिवस पालथी पडून होते. मी तिथलीच आहे, असे मला वाटत होते.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या काचनळ्या दुरुस्त करायला एक कारागीर आला होता. लांब फुंकणीने काच फुंकून वस्तू करणारा. म्हणून त्याला सगळे फुंकणीवाले म्हणत. सफाईवालीने रिकामा करायला उघडलेल्या डब्यापाशी तो थांबला, वाकला, आणि बाह्या सावरून सरळ आत हात घातला.

"अहो, काय करताय! घाण आहे ती!" सफाईवाली ओरडली.

"घाण धुता येते हो, मावशी," तो म्हणाला. "ही मान मात्र पुन्हा कुणाला फुंकता यायची नाही."

त्याने मला घरी नेले. धुतले, उघडले, माझी वाळू तव्यावर कोरडी केली, चाळली, चीर आचेवर भरली. पुढचे तीन दिवस तो मला घड्याळाशेजारी ठेवून उलटत राहिला. चिमूटभर वाळू काढायची, चार दाणे परत घालायचे, पुन्हा उलटायची. चौथ्या दिवशी त्याने मला मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवले.

"मिनिट पूर्ण झालंय, सिस्टर."

"तुमचं काय द्यायचं?"

"काही नको. हिच्यावर कुणाची तरी नाडी नीट मोजा, म्हणजे मला पावलं."

मोठ्या सिस्टरांनी मान डोलावली. मी मात्र मनाशी नोंद करून ठेवली: या माणसाचे मी एक मिनिट देणे लागते. पूर्ण, साठ सेकंदांचे.

वर्षे गेली. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. बोटाला चिमटा लावून आकडा दाखवणारी यंत्रे आली. त्यांच्याशी माझे भांडण नाही; त्यांच्याकडे न पाहणाऱ्या माणसांशी आहे. मला कपाटावर ठेवले, मग खिडकीत, मग दार आपटू नये म्हणून जमिनीवर, दाराच्या फटीत. कुणीतरी चघळून चोथा झालेला चिकट गोळा माझ्या तळाला चिकटवला. त्यावर केस बसले, धूळ बसली, एक माशी मेली. आता कळले, मी सुरुवातीला काय म्हणाले ते? फुंकणीवाले शेवटच्या कामाला आले तेव्हा त्यांनी मला ओळखले आणि विचारले, "नेऊ का हिला?"

"न्या की, कचराच आहे तो," उत्तर आले. दुसऱ्यांदा कचरा, आणि दुसऱ्यांदा त्याच हाताने मला उचलले.

त्यांच्या कारखान्यात, आचेच्या टेबलावरच्या फळीवर, मला जागा मिळाली. घरात तिघे: ते, त्यांची विधवा बहीण आणि एकुलती एक लेक. लेकीला सगळे मणी म्हणत, कारण पाच वर्षांची असताना तिने पहिल्यांदा काच वितळवून मणी केला होता. पुढे बापाच्या शेजारच्याच आचेवर ती नळ्या आणि नरसाळी घडवू लागली. तिची फुंकर बापाहून सरस होती. पण अंगाने ती वाढत गेली. पस्तिसाव्या वर्षी एकशे सव्वीस किलो. गुडघे गेले, रक्तदाब चढला, आणि फुंकणीत घालायला श्वास उरेना. अर्ध्या तासात ती स्टुलावर बसायची आणि टेबल धरून धापा टाकायची.

त्यावर लोक काय बोलत, ते सांगताना माझी वाळू कडवट होते. गल्लीतली मोठमोठी माणसे तिला पाहून रस्ता मोकळा करण्याचे नाटक करत. आणि घरात आत्या.

"पोट कापून घ्यायचं? त्यापेक्षा तोंडाला कुलूप लाव ना, फुकटात होईल," ती बिस्किटे चहात बुडवत म्हणे.

"आत्या, किल्ली तुझ्याकडेच ठेवते," मणी म्हणे. "नाहीतरी डबा तुझ्याच मांडीवर असतो."

मणीने वजन उतरवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया ठरवली. ज्या सर्जनबाई ती करणार होत्या त्यांनी बजावले, "सहा आठवडे रोज सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, नाडी मोजून लिहायची. पूर्ण मिनिट." फुंकणीवाल्यांनी मला फळीवरून उतरवले, पुसले, तळाचा तो वाळलेला चिकट डाग सुरीने खरवडून काढला. रोज पहाटे ते लेकीच्या उशाशी बसत, मला उलटत आणि वहीत लिहीत: चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. पंचाण्णव. चौऱ्याण्णव. बेचाळीस सकाळी, बेचाळीस आकडे, आणि त्यांतला एकही सत्त्याण्णवच्या वर नाही.

शस्त्रक्रिया पार पडली. पोटाचा मोठा भाग काढून उरलेल्याला शिवण घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकणीवाले मला पिशवीत घालून भेटीला आले. वीस खाटांचा तो वॉर्ड चकचकीत होता, पण चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले. मणीचे ओठ कोरडे पडले होते, कपाळावर घाम होता.

"बाबा, डावा खांदा दुखतोय," ती म्हणाली. "आणि काहीतरी बरोबर नाहीये. काय ते सांगता येत नाही."

तिच्या उशाशी यंत्रावर आकडे उड्या मारत होते: एकशे अठरा, एकशे सत्तावीस, एकशे बावीस. यंत्र गप्प होते. फुंकणीवाल्यांनी वॉर्डाच्या सिस्टरला हाक मारली. ती आली, तोंडात काहीतरी चघळत.

"सिस्टर, नाडी फार पळतेय हिची."

"काका, या वॉर्डातल्या सगळ्यांचीच पळते. एवढी वजनं घेऊन आलेली माणसं ही. अंग मोठं, तर नाडी पण मोठीच असणार ना!"

"मग हे यंत्र ओरडत कसं नाही?"

"एकशे चाळीसच्या वर गेलं की ओरडतं. आधी एकशे दहावरच ओरडायचं, कान किटले आमचे. म्हणून सगळ्याच यंत्रांची मर्यादा वाढवून ठेवली." एवढे सांगून ती हसली. "आणि खांद्याचं म्हणाल तर तो गॅस आहे. चालायला लावा तिला जरा."

मित्रांनो, डब्यातल्या त्या बँडेजाची मला इतकी किळस वाटली नव्हती. तिथे घाण घाणीसारखी दिसत होती. इथे एका बाईने वीस माणसांच्या हाका एका बटणाने बंद केल्या होत्या, आणि तिला त्यात आपली हुशारी वाटत होती. तिच्या लेखी तिथे माणसे नव्हतीच, वजने होती.

फुंकणीवाल्यांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

"अगं बाई! हे काय, अंडी उकडायला आणलंय का?" सिस्टर म्हणाली.

माझ्या आईचा उल्लेख त्या तोंडून व्हावा! पण मी गिळले. फुंकणीवाल्यांनी लेकीच्या मनगटावर तीन बोटे ठेवली, मला उलटे केले आणि म्हणाले, "एक मिनिट गप्प बसा."

आवाज चढवला नव्हता, तरी ती गप्प बसली. कित्येक वर्षांनी माझ्या वाळूभोवती पुन्हा ती शांतता झाली. मला एकच भीती होती: चीर. वॉर्डाच्या दमट हवेने पुन्हा एखादा दाणा अडला तर? दाणा अडला नाही.

"एकशे चोवीस," ते म्हणाले. पुन्हा उलटले. "एकशे पंचवीस." तिसऱ्यांदा. "एकशे सव्वीस."

"तेच तर मशीन सांगतंय! मग वेगळं काय मोजलंत?"

"मशीनला आजची माहिती आहे. माझ्याकडे बेचाळीस सकाळची आहे." त्यांनी वही उघडली. "माझी मुलगी वजनदार असेल, सिस्टर, पण तिची नाडी चौऱ्याण्णवची आहे. ही नाडी तिची नाही. सर्जनबाईंना बोलवा."

"राउंडला येतील चार वाजता."

ते उठले. सत्तरीचा माणूस, एका हातात वही, दुसऱ्या हातात मी. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बोळात ते मधोमध उभे राहिले. सर्जनबाई हात पुसत बाहेर आल्या तेव्हा त्यांना जायला वाट नव्हती.

"काका, बाजूला व्हा, मला दुसरी केस आहे."

"पहिली संपली नाहीये, बाई. फक्त हे वाचा आणि मग मला ढकलून जा."

त्यांनी वाचले. उभ्या उभ्या दोन पाने उलटली आणि सरळ वॉर्डाकडे चालू लागल्या. मणीचे मनगट धरून त्यांनी स्वतः मला उलटे केले. वाळू संपली तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"एकशे अठ्ठावीस. आणि घरी चौऱ्याण्णव." मग यंत्राकडे पाहिले. "अलार्मची मर्यादा कुणी वाढवली?"

सिस्टरचे चघळणे थांबले.

"या शस्त्रक्रियेनंतर शिवण कुठे गळत असेल तर सगळ्यात आधी नाडी सांगते. ताप नंतर येतो, पोट नंतर फुगतं. आणि आपण तिचंच तोंड बंद केलंय. स्कॅनला घ्या हिला, आत्ता."

शिवण एका जागी गळत होती. तासाभरात मणीला पुन्हा आत नेले. सर्जनबाई नंतर म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर त्यांना काही सांगता आले नसते. चार वाजताचा राउंड, लक्षात आहे ना? त्या सिस्टरला वॉर्डातून हलवले, वीसही यंत्रांच्या मर्यादा मूळ जागी आल्या. मला त्याचे समाधान झाले असे म्हणणार नाही. घाण पुसली तरी डाग राहतोच.

माझे देणे फिटले असे मला वाटले. तसे नव्हते. वाळूकुपीला दोन बाजू असतात, आणि मी एकच बाजू रिकामी केली होती.

मणी तीन आठवड्यांनी घरी आली. सकाळची वही पुन्हा सुरू झाली. आता उलटी गंमत होती. वजन उतरू लागले तशी नाडीही उतरू लागली. नव्वद. ब्याऐंशी. चौथ्या महिन्यात बहात्तर. सातव्यात बासष्ट. नवव्या महिन्यात, मणी ब्याऐंशी किलोंची असताना, एका सकाळी एकावन्न. शिवाय स्टुलावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली होती.

आत्याने घर डोक्यावर घेतले. "हृदय बंद पडत चाललंय पोरीचं! मी म्हणत नव्हते? कमीच होत चाललंय, कमीच होत चाललंय, एक दिवस शून्य येईल!" मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "नाहीतर ही तुमची उकिरड्यावरची बाटली बिघडलीय. वाळूने मान झिजली असणार. लवकर रिकामी होते, म्हणून ठोके कमी भरतात. फेकून द्या, दादा!"

तिसऱ्यांदा कचरा. पण मित्रांनो, या वेळी मला आत्याच्या चिकट बोटांपेक्षा माझीच जास्त घृणा वाटली, कारण ती म्हणत होती ते अशक्य नव्हते. वाळू काच झिजवते. मान रुंदावते, मिनिट आखूड होते. एकदा मी लांब मिनिट देऊन एका सुताराला पाडले होते. आता आखूड मिनिट देऊन या घराला फसवत असेन तर? फुंकणीवाल्यांनी मला फेकले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

त्यांनी मला आचेच्या टेबलावर ठेवले, शेजारी घड्याळ ठेवले आणि उलटे केले. मणी पाहत होती. आत्यासुद्धा हातातले बिस्कीट धरून थांबली. शेवटचा दाणा पडला.

"साठ," फुंकणीवाले म्हणाले. मग दुसऱ्या बाजूने. "साठ. ही खोटं बोलत नाहीये गं. म्हणजे मणीच बदललीय. चल पोरी, बाईंकडे."

सर्जनबाईंनी हृदयाचा आलेख काढला, वही चाळली आणि चक्क हसल्या. "अहो, एवढी वर्षं हिचं हृदय दोन माणसांचं ओझं वाहत होतं. आता एकाचंच उरलंय, तर ते सावकाश चालणारच. हे चांगलं लक्षण आहे." मग विचारले, "रक्तदाबाची गोळी कुठली चालू आहे?"

"तीच. पहिल्यापासूनची," मणी म्हणाली.

"तेवढीच?"

"तेवढीच."

"म्हणजे एकशे सव्वीस किलोंच्या बाईची गोळी ब्याऐंशी किलोंची बाई खातेय. त्या गोळीने नाडीही मंदावते. आधीच सावकाश चालणाऱ्याला मागून ओढल्यासारखं आहे ते. अंधारी येईल नाहीतर काय! पण मनाने एकदम बंद करू नका. आधी अर्धी, मग मी सांगेन तशी."

गोळी अर्धी झाली, पुढे पाव झाली, मग बंद झाली. अंधारी गेली. आत्याने माझी क्षमा मागितली नाही. फक्त मला ओलांडून बिस्किटांचा डबा घेताना एकदा पदराने मला पुसले. तेवढे मी ठेवून घेतले.

मित्रांनो, मला वस्तूंची निगा राखा असे सांगायचे नाही. ते तुम्हांला घरी शिकवले असेल, नसेल तर लाज वाटू द्या. मला एवढेच सांगायचे आहे की समोरच्या माणसाचे अंग पाहून त्याचा आकडा ठरवू नका. त्याच्या मनगटावर बोटे ठेवा, तोंड बंद ठेवा, आणि मोजणे अर्ध्यावर सोडू नका. त्याची नेहमीची चाल ठाऊक नसेल तर आजची चाल तुम्हांला काही सांगणार नाही. आणि जो हाक मारतो आहे त्याचा आवाज कानाला टोचतो म्हणून तो कधीही बंद करू नका. तसे करणाऱ्यांना मी जवळून पाहिले आहे. त्यांच्यापेक्षा तो कचऱ्याचा डबा बरा.

गेल्या आठवड्यात मणीने सबंध सकाळ आचेवर उभे राहून काम केले. स्टूल भिंतीशी रिकामेच होते. बारा नरसाळी झाली, एकही वाकडे नाही. मग तिने हात पुसले, पाच मिनिटे शांत बसली, स्वतःच्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि मला उलटे केले. कारखान्यात आचेची बारीक फुरफुर तेवढी चालू होती. फुंकणीवाले पाठमोरे उभे होते, पण त्यांचा हात कामावर थांबलेला मी पाहिला.

शेवटचा दाणा खाली आला.

"किती गं?" त्यांनी न वळता विचारले.

"साठ, बाबा. सेकंदाला एक."

त्यांनी वळून आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. खरबरीत अंगठा माझ्या मानेखालच्या त्या भरलेल्या चिरेवरून एकदा फिरवला.

"पावलं," ते म्हणाले.